रिपोर्ट नॉर्मल, मग पोर का पडते?

‘डॉक्टर, आम्ही सोलापूरचे. मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. नऊ वर्षांची होईपर्यंत सगळं चांगलं होतं, शाळेच्या लेझीम पथकात पहिल्या रांगेत असायची. आता दोन वर्षं झाली, चालताना झोकांड्या जातात. आधी आम्ही धांदरट म्हणून ओरडलो. चपला एका बाजूने झिजवते म्हणून एकदा मारलंसुद्धा. अक्षर बिघडलं. तोंड धुताना भिंतीला धरते. कॅल्शियम झालं, टॉनिक चालू आहे, चष्मा झाला, सासूबाईंनी अंगारा लावून झाला. शेवटी एका डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय आणि जनुकांची मोठी तपासणी करायला लावली. पंचवीस हजार गेले की ओ त्यात. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल. आता म्हणतात काही नाही, मनाचं असेल. रिपोर्ट नॉर्मल आहे तर पोर का पडते? माझं लग्न मामाच्या मुलाशी झालंय, त्याचा काही संबंध? धाकटा सहा वर्षांचा आहे, त्यालाही होईल का?’
— एक आई, सोलापूर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘तोंड धुताना भिंतीला धरते.’ तुम्ही ते चपला आणि अक्षराच्या रांगेत सहज लिहून टाकलंय, पण पंचवीस हजारांच्या कागदांपेक्षा मला ते जास्त काही सांगून गेलं.

तोंडाला साबण लावला की डोळे मिटतात. डोळे मिटल्यावर तुमच्या-माझ्यासारखी माणसं पडत नाहीत, कारण आपण कसे उभे आहोत हे मेंदूला डोळ्यांखेरीज आणखी दोन ठिकाणांहून कळत असतं. एक कानाच्या आतला भाग, आणि दुसरे पाय. तळवे, घोटे, गुडघे सारखी खबर पाठवत असतात की जमीन इथे आहे, वजन डाव्या अंगाला जातंय, टाच उचलली. ही खबर पाठीच्या कण्यातून वर जाते आणि लहान मेंदू तिच्यावरून क्षणाक्षणाला तोल सावरतो. ज्या मुलाचा तोल डोळे मिटल्याबरोबर जातो, त्याचे डोळे बाकीच्यांचं काम ओढत असतात. आम्ही दवाखान्यात मुलाला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करतो, ती रॉम्बर्गची तपासणी. तुमच्या मोरीने ती दोन वर्षं रोज सकाळी केली आहे. (मुद्दाम घरी करून बघू नका, पोर पडेल.)

सोलापूरकराला हे पटवायला मला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पुरते. संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेव्हा एवढी उंच काठी पेलणारा माणूस बघा. ताकद लागतेच, पण त्याचं खरं काम असतं सावरण्याचं. काठी कलायला लागायच्या आत त्याची कंबर आणि पावलं हललेली असतात. त्यासाठी आधीपासून सराव चालतो. आपला लहान मेंदू असाच आपल्याला पेलून चालवत असतो, फक्त हलगी न वाजवता. त्यात किंवा त्याच्याकडे येणाऱ्या खबरीत बिघाड झाला की चालणं झोकांड्यांचं होतं, अक्षर वेडंवाकडं होतं, हातातला पेला ओठांशी येईपर्यंत सांडतो, बोलणं ओढल्यासारखं येतं. या साऱ्याला अ‍ॅटॅक्सिया म्हणतात. हे आजाराचं नाव नव्हे, ताप हे जसं आजाराचं नाव नव्हे तसं. त्याच्या मागे शेकडो कारणं असू शकतात आणि त्यातली बरीचशी दुर्मीळ आहेत.

पुढे जाण्याआधी, हे वाचणाऱ्या दुसऱ्या आईबापांसाठी थोडं. तोल चार-आठ दिवसांत एकाएकी गेला असेल, सोबत पहाटेची डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं किंवा गुंगी असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जा. लहान मेंदूजवळची गाठ अशी येते. कांजिण्यांनंतर काही मुलं आठवडाभराने लटपटायला लागतात, ती बहुतेक काही आठवड्यांत आपोआप सावरतात. तरीही तो निर्णय डॉक्टरांनाच घेऊ द्या. फिटच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी मूल झिंगल्यासारखं चालतं. आणि दीड-दोन वर्षांच्या बाळाचा तोल जातोय आणि बुबुळं सैरावैरा नाचतायत असं दिसलं, तर पोटात-छातीत कुठे गाठ लपली आहे का ते शोधावंच लागतं.

तुमच्या मुलीचं तसं नाही. तिचं दोन वर्षांत हळूहळू वाढत गेलंय. म्हणून आपल्याला घाईपेक्षा क्रम हवा आहे, आणि तुमच्याबाबतीत नेमका तोच चुकला.

आधी एमआरआय. तो मेंदूचा केला, आणि तो नॉर्मल येणं मला अजिबात खटकत नाही. खबर पाठीच्या कण्यातच अडत असेल तर मेंदूचा फोटो सुरुवातीची काही वर्षं चांगलाच दिसू शकतो. पाठीच्या कण्याचा फोटो काढला होता का? आणि त्याच्याही आधी, कुणी तिच्या घोट्यामागच्या शिरेवर रबरी हातोडी मारून पाहिली का? पाऊल हललं का? घोट्याच्या हाडावर ट्युनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, टेकवून ‘झिणझिणतंय का’ असं विचारलं का? या दोन वस्तूंनी पाच मिनिटांत जे कळतं ते यंत्रात घालून कळत नाही. मला जरा रागच येतो या गोष्टीचा. हातोडी ड्रॉवरमध्ये पडून राहते आणि पोर आधी मशीनच्या बोगद्यात जाते.

आता जनुकांची मोठी तपासणी. तिला एक्झोम म्हणतात. ती वाईट तपासणी नाही, कित्येक मुलांचं निदान तिनेच होतं. पण ती काय शोधते आणि काय शोधत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मिस्टर मागावर आहेत म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते. चादरीची नक्षी जेकार्डवर निघते, त्याला भोकं पाडलेल्या कार्डांची माळ लावलेली असते. नक्षी चुकली तर कारागीर एकेक कार्ड काढून बघतो, भोक चुकीच्या जागी पडलंय का. एक्झोम हेच करते, जनुकातली अक्षरं वाचते आणि चुकलेलं अक्षर शोधते. आता समजा एकही भोक चुकलेलं नाही, पण एकच कार्ड माळेत शेकडो वेळा ओवलं गेलंय. प्रत्येक कार्ड तपासलं तर प्रत्येक बरोबर, आणि माग मात्र अडलेला. त्यातही ही जादा कार्डं एक्झोम जिथे बघतच नाही अशा, दोन कामाच्या तुकड्यांमधल्या भागात असली, तर रिपोर्टवर काय छापून येणार? नॉर्मल.

हा काल्पनिक किस्सा नाही. आईबापांकडून उतरणाऱ्या अ‍ॅटॅक्सियांपैकी जगात ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, त्या फ्रीड्राइख अ‍ॅटॅक्सियात असंच होतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टर निकोलाउस फ्रीड्राइख यांनी १८६३ मध्ये तो पहिल्यांदा मांडला आणि त्याचं जनुक सापडायला १९९६ साल उजाडलं. त्या जनुकात जीएए ही तीन अक्षरं निरोगी माणसात साधारण ३३ वेळांच्या आत येतात. आजार असलेल्यांत ६६ च्या पुढे, बहुतेकदा कित्येक शेकडे. ती मोजायची तपासणी वेगळी असते आणि ती नाव घेऊन मागावी लागते. ‘एफएक्सएन जनुकाची जीएए रिपीट तपासणी’ असं कागदावर लिहून घ्या. एकाच गोष्टीचा शोध असल्यामुळे ती एक्झोमपेक्षा स्वस्तही पडते, म्हणजे खरं तर ती आधी व्हायला हवी होती.

तुमच्या मुलीला हाच आजार आहे असं मी म्हणत नाहीये. पत्रावरून निदान करणारी डॉक्टर मी नाही. पण हा आजार बहुतेक पाच ते पंधरा या वयात सुरू होतो, पायांची खबर आधी तुटते, घोट्यामागे हातोडी मारली तरी पाऊल हलत नाही, पावलाची कमान उंच होत जाते आणि पाठीचा कणा वाकतो. तुम्ही दोन गोष्टी घरी बघू शकता. ती आंघोळ करून बाहेर आली की फरशीवर उमटलेला ओल्या पायाचा ठसा बघा. मधला पट्टा उमटतच नसेल, नुसती टाच आणि पुढचा भाग दिसत असेल, तर फोटो काढून ठेवा. आणि शाळेचा गणवेश घातल्यावर मागून बघा, एक खांदा वर दिसतो का, स्कर्टची कड एका बाजूला खाली येते का.

तरीही माझ्यासमोर ती आली असती तर मी सगळ्यात आधी फ्रीड्राइख शोधला नसता. आधी रक्तातलं ई जीवनसत्त्व तपासलं असतं. का, ते सांगते. एक आजार असा आहे की त्यात मूल ई जीवनसत्त्व खातं, आतड्यातून ते शोषलंही जातं, पण यकृतातलं एक प्रथिन बिघडलेलं असल्यामुळे ते शरीरभर पोचतच नाही. बाहेरून बघाल तर हुबेहूब फ्रीड्राइख, मोठे मोठे डॉक्टर फसतात. फरक एवढाच की याला औषध आहे आणि ते म्हणजे भरपूर मात्रेत ई जीवनसत्त्व, जन्मभर. ते सुरू केलं की आजार थांबतो, काही मुलांचं चालणं सुधारतंसुद्धा. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत मिळत नाही. हा आजार फार क्वचित दिसतो हे खरं. पण जो बरा करता येतो तो आधी शोधायचा, मग तो कितीही क्वचित असो. आमच्या कामाचा सगळा क्रम यावरच उभा आहे.

या रांगेत आणखीही काही आहेत. विल्सनच्या आजारात तांबं यकृतात आणि मेंदूत साठतं. सेरुलोप्लाझमिन ही रक्ततपासणी आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर बुबुळाभोवतीची कडी बघणं, यावरून सुरुवात होते आणि औषध मिळतं. लहानपणी सततचे जुलाब, मग कमी वयात मोतीबिंदू आणि नंतर तोल जाणं अशी साखळी असेल तर वेगळा, पण तोही औषध असलेला आजार असतो. उपाशी असताना जास्त लटपटतं आणि खाल्ल्यावर सावरतं, असं काही मुलांचं असतं. त्यांच्या मेंदूला साखर पोचत नाही आणि त्यांना तेला-तुपाचा विशेष आहार लागू पडतो. मधूनच काही तास तोल जातो आणि पुन्हा मूल ठणठणीत होतं, अशांपैकी काहींना एक साधी जुनी गोळी उपयोगी पडते. म्हणून विचारते, तिचं रोज सारखंच असतं की कधी कमी-जास्त? सकाळी की संध्याकाळी? तापात वाढतं का? दोन आठवडे कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन शब्द लिहा.

आणखी एक आजार सांगायलाच हवा, कारण त्यात मी स्वतः चुकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. चालायला लागल्यापासूनच डुलायचा. मी फाइलवर सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेली इजा, असं लिहून मोकळी झाले. पुढे त्याचे डोळे लाल दिसायला लागले, मी डोळे आले समजून थेंब दिले. सर्दी-खोकल्याने तो सारखा आजारी पडायचा, दर वेळी छातीचा एक्सरे काढायचा. वर्षाने माझ्या एका ज्युनिअर मुलीने टॉर्च मारून विचारलं, ‘मॅडम, ही लाली नाही, या शिरा आहेत ना?’ अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया होता तो. अल्फा फीटोप्रोटीन नावाच्या एका साध्या रक्ततपासणीत आकडा चढलेला सापडला. या मुलांची प्रतिकारशक्ती कमी असते, रक्ताच्या कर्करोगाचा धोका असतो, आणि एक्सरे-सीटी स्कॅनची किरणं त्यांना इतरांपेक्षा जास्त अपाय करतात. मी त्याचे किती एक्सरे काढले होते ते मी नंतर फाइल उघडून मोजले. तेव्हापासून एक शिकले: सेरेब्रल पाल्सी वर्षागणिक वाढत जात नाही. वाढत जात असेल तर ते नाव खोडायचं आणि पुन्हा सुरुवातीपासून बघायचं. तुमच्या मुलीचं नवव्या वर्षी सुरू झालं, त्यामुळे हा आजार असण्याची शक्यता कमी. पण ती रक्ततपासणी स्वस्त आहे, करून घ्या, आणि तोवर विनाकारण सीटी स्कॅन काढू नका.

‘मनाचं असेल’ याबद्दल. मनाच्या ताणाने चालणं बिघडू शकतं, अशी मुलं मी पाहिली आहेत आणि ती नाटक करत नसतात. पण तेही निदान तपासणीत दिसणाऱ्या खुणांवरून करायचं असतं, बाकी काही सापडलं नाही म्हणून नव्हे. दोन वर्षं हळूहळू वाढणारं, अक्षरात उतरलेलं आणि डोळे मिटल्यावर उघडं पडणारं हे दुखणं मी मनाच्या खात्यात टाकणार नाही.

मामाच्या मुलाशी लग्न. आपल्या भागात ते घरोघरी आहे आणि मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून काही सांगणार नाही. हिशेब असा आहे. यातले बरेच आजार आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा जनुकाच्या दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्या तरच होतात. एकच बिघडलेली प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. नात्यात लग्न झालं की एकाच आजी-आजोबांकडून आलेली तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते, एवढंच. परक्या घरात लग्न केलेल्यांनाही अशी मुलं होतात, आणि नात्यात लग्न केलेल्या कितीतरी जणांची सगळी मुलं धडधाकट असतात. सासूबाई ‘सुनेकडून आलं’ म्हणत असतील तर त्यांना प्रेमाने सांगा, एक प्रत त्यांच्या लेकाचीही असणार. डॉक्टरांना मात्र हे नातं न विचारता सांगा, कारण त्यांचा शोध त्यामुळे सोपा होतो.

दोघांकडे ती प्रत असेल तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. ‘एकीला झालं, आता बाकीचे सुटले’ असा तो हिशेब नसतो, दर वेळी नव्याने चारात एक. धाकट्याला आत्ता काही होत नसेल तर न्यूरॉलॉजिस्टना एकदा तपासू दे. त्याच्या जनुकांची तपासणी मात्र थांबवा. त्याच्या ताईच्या आजाराचं नाव ठरल्यावर, तो आजार औषधाने थांबवता येणारा निघाला, ई जीवनसत्त्वासारखा, तर त्याची लगेच करायची, एक दिवसही घालवायचा नाही. तसा नसेल तर सहा वर्षांच्या पोराच्या कपाळी आधीच काही लिहायची घाई नको. जनुकांच्या समुपदेशकाशी बोलून ठरवा. तिसऱ्या मुलाचा विचार असेल, तर मुलीचं नेमकं जनुक सापडल्याशिवाय पोटातल्या बाळाची तपासणी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

फ्रीड्राइखच निघाला तर? तर हृदयाचा ईसीजी आणि इको, तक्रार नसली तरी, आणि दर वर्षी. रक्तातली साखरही. कण्याकडे लक्ष. आजार मंदावणारं पहिलं औषध अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, ते १६ वर्षं आणि पुढच्यांसाठी. त्याची आशा लावून बसा असं मी म्हणणार नाही, पण दीडशेहून जास्त वर्षं ज्याच्यावर काहीच नव्हतं त्याच्यावर आता काम चालू आहे. व्यायाम मात्र आजपासून. निदान व्हायची वाट बघू नका, तोल सावरायचा फिजिओथेरपीचा सराव कुठल्याही अ‍ॅटॅक्सियात कामाला येतो.

कुठे जायचं? आधी आपल्या सिव्हिललाच. बालरोग विभागात ‘दोन वर्षांपासून वाढत जाणारा अ‍ॅटॅक्सिया’ असे शब्द वापरून सांगा आणि मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी मागा. मुंबईचं केईएम हे राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खालचं एक केंद्र आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी मुंबईत. नाव ठरलं की त्या आजाराला सरकारी मदत बसते का ते तिथेच विचारा. उगाच दहा खाजगी दारं फिरत पैसे घालवू नका. एक्झोमचा मूळ डेटा लॅबकडून मागून घ्या, वर्षा-दोन वर्षांनी तोच पुन्हा वाचता येतो, पुन्हा पैसे भरावे लागत नाहीत.

शाळेत वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: वर्ग तळमजल्यावर, पेपरला जास्त वेळ, अक्षरावरून शिक्षा नाही. पुढे दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर लेखनिकही मिळतो. लेझीमचं तिला स्वतःलाच विचारा. काही मुलींना रांगेच्या कडेला बसून शिट्टीवर ठेका द्यायला आवडतं, काहींना ते बघणंही नको वाटतं. घरी मोरीत पाट किंवा स्टूल ठेवा, बसून तोंड धुऊ दे. भिंतीला एक दांडा बसवून घ्या. सायकल रस्त्यावर नको.

दवाखान्यात जाताना तिच्या चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ न्या, समोरून आणि मागून, आणि दोन वर्षांपूर्वीचा लेझीमचा कुणाकडे असेल तर तोही. तिसरी, चौथी आणि सहावीची एकेक वही. टॉनिकची बाटली, कारण त्यात ई जीवनसत्त्व असेल तर रक्ताचा आकडा फसवू शकतो. तपासणीआधी ते थांबवायचं का हे डॉक्टरांना विचारा. आणि तुम्ही जिच्यावरून तिला मारलंत ती झिजलेली चप्पल अजून टाकली नसेल तर पिशवीत घाला. कुठली कड किती झिजली आहे ते बघून चाल कळते, ती मला सगळ्यात आधी बघायला आवडली असती.